कुत्रा म्हणजे क्रोसिन नव्हे

"काय रे, कुत्रं आणल्यापासून स्ट्रेस कमी झाला का?"

गेल्या सात महिन्यांत हा प्रश्न मला टीम लीडने विचारलाय, चुलतभावाने विचारलाय, आणि बँकेत केवायसीचे कागद घेणाऱ्या बाईंनी मोबाईलच्या वॉलपेपरवरचं पिल्लू बघूनही विचारलाय. सूर सगळ्यांचा एकच. डोकेदुखीची गोळी घेतलेल्या माणसाला अर्ध्या तासाने विचारावं, तसा. तर मंडळी, एकदाच काय ते जाहीर सांगून टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा नको. नाही. स्ट्रेस कमी झालेला नाही. चांगला वाढलाय.

आधी माझ्या डोक्याला ताप होता तो फक्त प्रॉडक्शनवर फुटणाऱ्या बग्जचा. आता रात्री दोन वाजता खारीने उलटी केली की टॉर्च लावून बघायचं असतं, नुसतं पिवळं पाणी आहे की आणखी काही. (खारी हे तिचं नाव. रंग खारी बिस्किटासारखा, आणि घरात आल्यावर पहिला डल्ला मारला तोही खारीवरच.) पावसाळाभर रोज संध्याकाळी तिच्या कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या शोधायच्या, कारण गोचीडतापाने धडधाकट कुत्रं बघता बघता आडवं होतं. दिवाळीचे चार दिवस बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन चालू ठेवून तिच्याशेजारी बसायचं. मीटिंग लांबली की घरी ती दाराकडे तोंड करून बसली असणार, हे डोक्यात घोळत राहतं आणि समोरचा माणूस रोडमॅपबद्दल काय बोलतोय ते ऐकू येत नाही.

आणि तरीही, कॉलेज सुटल्यापासून मी इतका खूश कधी नव्हतो.

या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. हे लोकांना पटत नाही आणि मला आज त्यावरच भांडायचंय. कारण "कुत्रा आणा, स्ट्रेस घालवा" हा जो प्रचार आपल्या हापिसांमधून, रील्समधून आणि मित्रांच्या सल्ल्यांमधून चाललाय, तो नुसता चुकीचा असता तर मी सोडून दिला असता. त्याची किंमत कुत्रे मोजतात, म्हणून सोडवत नाही.

माझ्या आधीच्या एका कंपनीत (नाव नको) एचआरने 'पेट डे' केला होता. एसी फुल्ल, कोपऱ्यात स्पीकर, फुगे, आणि भाड्याने आणल्यासारखे सात-आठ कुत्रे. रांग लावून सेल्फी. त्यातला एक गोल्डन रिट्रीव्हर सारखा जांभया देत होता, ओठांवरून जीभ फिरवत होता. लोक म्हणत होते, "बघ कसला चिल आहे!" आता ज्याने कधी चार दिवस कुत्र्यासोबत काढलेत त्याला विचारा. झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, शेपूट आत, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल अशी तिरकी नजर, ही सगळी कुत्रा अस्वस्थ असल्याची लक्षणं आहेत. म्हणजे दीडशे इंजिनिअरांचा ताण हलका करायचं काम त्या एका जनावराला लावलं होतं आणि त्याची जांभई बघून आम्ही टाळ्या वाजवत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला स्टँडअप होताच, डेडलाइन तीच होती. कुत्र्याने ती हलवली नव्हती. ज्यांना हलवता आली असती त्यांनी फुगे आणले होते.

असल्या कार्यक्रमांच्या मेलमध्ये एक वाक्य हमखास असतं, की कुत्र्याच्या डोळ्यांत बघितल्याने ऑक्सिटोसिन वाढतं असं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. बरोबर आहे, जपानी संशोधकांचा तो अभ्यास २०१५ साली 'सायन्स'मध्ये आला होता. पण त्यात कुत्रे होते आणि त्यांच्यासमोर त्यांचेच मालक होते. रोजचा ओळखीचा माणूस, रोजचं ओळखीचं कुत्रं, आणि ऑक्सिटोसिन वाढलं ते दोघांचंही. माणसांनी वाढवलेले लांडगे तपासले, तर त्यांच्यात हे दिसलं नाही. हापिसात रांगेत उभं राहून परक्या कुत्र्याला दीड मिनिट मिठी मारण्याचा या प्रयोगाशी संबंध काय? तो डोळ्यांतला डोळा मिळायच्या आधी लादी पुसावी लागते हो. किती वेळा पुसली याचा लॉग ठेवला असता तर डिस्क भरली असती.

आता आनंदाचं सांगतो, नाहीतर म्हणाल हा माणूस नुसता करवादतोय.

खारी आमच्याकडे जूनमध्ये आली, तेव्हा दीड-पावणेदोन महिन्यांची असेल. सोसायटीच्या भिंतीपलीकडे तिची आई पाण्याच्या टँकरखाली गेली आणि चार पिल्लं उरली. तीन वॉचमन मामांच्या ओळखीत गेली, ही आमच्याकडे. लसींचा कोर्स पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर न्यायचं नसतं, पार्व्हो नावाचा जीवघेणा विषाणू जमिनीत महिनोन्महिने टिकतो. त्यामुळे पहिले दोन महिने तिचं जग म्हणजे आमचा हॉल आणि बाल्कनी. ऑगस्टच्या शेवटी रेबीजचीही लस होऊन गेल्यावर तिला पहिल्यांदा खाली नेलं. लिफ्टचं दार उघडलं आणि ती तशीच थांबली. पुढचा पाय उचललेला, टेकवायचा की नाही ठरत नाही. मग टेकवला. ओली फरशी, तिच्यावर पडलेलं गुलमोहराचं पान, पानावर एक मुंगळा. त्या मुंगळ्यापाशी आमची पाच मिनिटं गेली.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला आम्ही निघतो. अंतर जाऊन-येऊन आठशे मीटर. वेळ चाळीस मिनिटं. सुरुवातीला मी घड्याळ बघायचो, कारण सवय. आपल्याला चालणं म्हणजे पावलं, पावलं म्हणजे दहा हजार, दहा हजार म्हणजे ॲपमधलं हिरवं वर्तुळ. तिला पावलांत रस नाही, तिला खांबात रस आहे. माणसाच्या नाकात वास ओळखणारे पन्नास-साठ लाख रिसेप्टर्स असतात, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत. म्हणजे जो खांब मला नुसता ओला खांब दिसतो, तो तिच्यासाठी आमच्या गल्लीचा सकाळचा पेपर आहे. कोण येऊन गेलं, कधी, तब्येत कशी आहे त्याची, आणि नवीन भिडू कोण आलाय. पेपर वाचणाऱ्या माणसाला मध्येच ओढून नेलं तर तो चिडणार नाही का? मग मी उभा राहतो. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात पिशवी, त्यामुळे मोबाईल बाहेर काढायची सोयच नाही.

आणि उभं राहिलं की दिसतं. या गल्लीत मी तीन वर्षं राहतोय. तिथे उंबराचं झाड आहे हे मला सप्टेंबरात कळलं, कारण खारी खाली पडलेली उंबरं खायला लागली. फुलांची टोपली घेऊन बसणाऱ्या मावशी साडेसहाच्या आत पाच घरांना हार पोचवतात, हे कळलं. शाळेच्या व्हॅनमध्ये रोज खिडकीशी बसणारी एक मुलगी आहे, ती खारीला हात करते. खारी तिच्याकडे बघत नाही, मी खारीच्या वतीने हात करतो. लाल चेंडू गवतात टाकला तर कुत्र्याला तो धड दिसत नाही, त्यांना निळा आणि पिवळा तेवढे नीट कळतात, म्हणून मी निळा चेंडू शोधत अर्धं मार्केट फिरलो. फ्लिपकार्ट आहे, माहितीये. फिरलो तरीही.

एकदा सकाळी मॅटवर तांदळाच्या कणीपेक्षा जरा मोठं काहीतरी टोचलं. दात होता. दुधाचे अठ्ठावीस दात असतात पिल्लाला, चौथ्या महिन्यापासून ते पडायला लागतात आणि बेचाळीस पक्के येतात. बहुतेक दात पिल्लं गिळूनच टाकतात, त्यामुळे सापडणं म्हणजे नशीबच. बायकोने तो कुंकवाच्या रिकाम्या डबीत ठेवलाय. का, ते तिलाही सांगता येत नाही आणि मी विचारलंही नाही.

सांगायचा मुद्दा, आनंद म्हणतोय तो हा एवढाच. यात 'अनुभव' म्हणून विकता येईल असं काहीच नाही. फोटो काढला तर एक कुत्रं आणि एक खांब दिसेल. आणि ह्यातलं काहीही त्या ओल्या लादीपासून, गोचिड्यांपासून, रात्रीच्या टॉर्चपासून वेगळं काढता येत नाही. मला काही जण म्हणाले, "तुला वीकेंडला कुत्र्यांसोबत खेळायला मिळतं अशी कॅफे आहेत की, कशाला एवढी उस्तवार?" अरे पण उस्तवार काढून टाकली तर उरेल काय? परक्याच्या पोराला अर्धा तास खेळवलं की आनंद होतोच, पण त्याला कुणी संसार म्हणत नाही.

(जाता जाता. आपण हापिसात म्हणतो ना, "कुत्र्यासारखं राबतोय"? खारी दिवसाचे बारा-चौदा तास झोपते. कुत्र्यासारखं राबायचं भाग्य मला कधी मिळेल?)

आता पुलंच्या भक्तांकडे वळतो. कुत्रं पाळलं असं सांगितल्यावर मराठी माणूस 'पाळीव प्राणी'ची क्लिप पाठवतो. मला ती आजवर अकरा जणांनी पाठवलीय. मीही लहानपणापासून ती ऐकून हसत आलोय, अजूनही हसतो. पण तिच्यात टर आहे ती पाळणाऱ्यांची, आणि ती अगदी रास्त आहे. पाहुणा जीव मुठीत धरून बसलाय आणि यजमान "काही करत नाही हो तो" म्हणतोय, हा प्रकार मलाही डोक्यात जातो. आमच्याकडे कुणी घाबरणारं आलं की खारी आतल्या खोलीत जाते, विषय संपला. पाहुण्याने तिच्यावर प्रेम करायला हवं असा आग्रह नाही. 'पेट पेरेंट' हा शब्दही मला झेपत नाही. डॉक्टरांकडे रिसेप्शनवरची मुलगी ओरडते, "खारीचे पप्पा कोण?" आणि चौदा लोकांसमोर मी उठतो, पण मान खाली घालून. मी तिचा पप्पा नाही. ती कुत्रं आहे आणि उत्तम कुत्रं आहे, तिला माणसात बढती द्यायची गरज नाही.

आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, वस्तीवर मोती होता. आजी रोज संध्याकाळी त्याच्यासाठी एक भाकरी जास्तीची थापायची. त्याला कुणी आत घेतलं नाही आणि त्याच्याकडून कुणी मानसिक शांतीची अपेक्षाही केली नाही. तो असायचा, आजी असायची. पण त्या काळाचे गोडवेही मला गायचे नाहीत. मोतीच्या आधी एक मोती होता आणि नंतरही एक मोतीच होता. लस एकालाही नाही, खरूज आली तर डिझेल लावायचं, आणि मेला तर नवा मोती. आईला फोनवर खारीबद्दल सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कुत्रं? आणि घरात?" त्यानंतर दिवाळीला आली. आता ती फोनवर आधी विचारते, "जेवली का ती?" मग आमचं.

जातींबद्दल बोललं की मित्र दुखावतात, पण बोलतो. आपल्याकडे कुत्र्याची जात पडद्यावर ठरते. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि घरोघर पांढरे टफी दिसायला लागले. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत पग आला, की पग. माझ्या वर्गात दोघांकडे होते. बिचाऱ्यांचं तोंड एवढं चपटं की पुण्याच्या मे महिन्यात नुसतं बसल्या जागी घोरल्यासारखा आवाज. मग २०११ पासून 'गेम ऑफ थ्रोन्स', आणि आता वाकड-बाणेरच्या गल्ल्यांत हस्की. ज्या कुत्र्यांच्या चमूंनी १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाचं औषध पोचवलं, बर्फातून, रिले करत, हजार किलोमीटरहून जास्त, त्यांच्यातला एक वंशज टू बीएचकेच्या बाल्कनीत कूलरसमोर बसलाय. त्याच्या अंगावर दुहेरी केसांचा थर आहे आणि बाहेर अडतीस डिग्री. त्याला घाम येतो तो फक्त पंजांना, बाकी सगळी मदार जिभेवर. मालक म्हणतो, "एसी लावतो की मी त्याला!" लावतोस रे, पण त्याला रोज धावायला दहा किलोमीटर कुठून आणणार?

आणि हे कुत्रे येतात कुठून? २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. तरी ऑनलाइन जाहिरातीत "पस्तीस दिवसांचं पिल्लू, कागदांसह" असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं. पस्तीस दिवसांच्या पिल्लाला चावा किती जोरात घ्यायचा हेसुद्धा कळलेलं नसतं, ते आई आणि भावंडं शिकवत असतात. मग ते पिल्लू वर्षाचं झाल्यावर चावतं आणि आपण म्हणतो, "ॲग्रेसिव्ह आहे."

खारीला बघून लोक विचारतात, "कुठली ब्रीड?" मी सांगतो, गावठी. चेहरा पडतो. काही जण समजूत घालतात, "पण दिसत नाही हं तशी!" जसं काही मी आजार सांगितलाय. मला या शब्दाचं कोडं सुटलेलं नाही. गावठी अंडी म्हटली की आपण दुप्पट पैसे मोजतो. गावठी कोंबडी म्हटलं की रविवारी हॉटेलबाहेर रांग. गावठी कोथिंबीर, गावठी लसूण, गावठी तूप, सगळं कसं अस्सल. फक्त कुत्र्यापाशी आलं की हाच शब्द खाली मान घालतो. इथल्या उन्हापावसाला हजारो वर्षं टिकलेलं जनावर, एकेरी आखूड केस, सडपातळ, पोट सांभाळून खाणारं, आणि ते आपल्या गेटबाहेर फुकट उभं आहे. पण त्याला इन्स्टाग्रामवर लाइक्स कमी.

सोसायटीचं प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण ते प्रत्येक सोसायटीत तेच असतं. नोटीस लागली, की कुत्र्यांनी लिफ्ट वापरू नये. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये साफ म्हटलंय की सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही आणि त्यासाठी वेगळे पैसेही मागता येत नाहीत. त्याची प्रिंट घेऊन मी ऑफिसात गेलो. सेक्रेटरी काकांच्या डोक्यामागे दत्ताची तसबीर. पायाशी चार कुत्रे, चारही अस्सल गावठी. मी नुसतं वर बघितलं. काकांनीही बघितलं. लिफ्टचा विषय तिथेच मिटला.

पण काकांच्या बाजूने एक गोष्ट आहे आणि ती बोललीच पाहिजे. आमच्याच सोसायटीत दोन 'डॉग लव्हर' असे आहेत की सकाळी कुत्र्याला खाली आणतात, ते फुटपाथवर बसतं, आणि हे आकाशाकडे बघतात. पिशवी पाच रुपयांची नसते. ती उचलायची लाज वाटते आणि कुत्रा मिरवायची वाटत नाही. लोकांना कुत्र्यांचा राग येतो त्यातला अर्धा राग या आकाशाकडे बघणाऱ्यांनी कमावलेला आहे, आणि तो वसूल होतो रस्त्यावरच्या कुत्र्यांकडून.

तो राग किती साचलाय हे २०२५ मध्ये सगळ्या देशाने बघितलं. ११ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातले रस्त्यावरचे कुत्रे उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितले. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला, नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रे मूळ जागी सोडा म्हणून, रेबीज झालेले आणि आक्रमक सोडून. ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड, रेल्वे स्टेशनांच्या आवारातून कुत्रे हटवायला सांगितलं. माझे निम्मे मित्र एका बाजूला, निम्मे दुसऱ्या. मी त्या भांडणात पडून दमलो. कुत्र्याला घाबरणारा माणूस मूर्ख नसतो. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, म्हणून चावल्याबरोबर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक लस घ्यायची, हे प्रत्येकाला पाठ हवं. पण या सगळ्या चर्चेत एक प्रश्न कुणी विचारला नाही. रस्त्यावर पट्टा घातलेले कुत्रे कुठून येतात?

मी सांगतो कुठून येतात. आपल्यातून येतात. एलिव्हेटेड पार्किंगवाल्या सोसायट्यांतून येतात. लॉकडाऊनमध्ये कंटाळा आला म्हणून आणलेले, २०२२ मध्ये हापिसं उघडली तसे ओझं झालेले. "घर बदललं, नवा मालक नको म्हणतोय." "बायको प्रेग्नंट आहे, आई म्हणते केस जातात नाकात." आणि आपल्या धंद्यातलं लाडकं कारण, "ऑनसाईट मिळालं रे!" व्हॉट्सॲपवर फोटो फिरतो, 'अर्जंट, गुड होम हवं', सोबत रडणारी स्मायली. चार दिवसांत घर मिळालं नाही की एखाद्या रात्री गाडी टेकडीपर्यंत जाते आणि रिकामी परत येते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्याने पाळीव जनावर असं टाकून देण्याला, पहिल्या गुन्ह्यासाठी, दंड ठरवला दहा ते पन्नास रुपये. म्हणजे कागदावर हा अपराध दोन वडापावांचा.

आणि हे टाकून देणारे राक्षस नसतात, हाच तर त्रास आहे. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की कुत्र्याने स्ट्रेस जातो. त्यांनी तो गोळीसारखा आणलेला असतो. आणून बघतात तर स्ट्रेस वाढलेला. मग लागू न पडलेल्या गोळीचं आपण करतो तेच करतात. म्हणून मी पहिल्या वाक्यापासून त्या प्रश्नावर एवढा खवळतोय.

"मग तुला ऑनसाईट मिळालं तर?" हा पुढचा प्रश्न. ठीक आहे, सांगतो, कारण आम्ही तो तिला घरात घ्यायच्या आधीच कागदावर मांडला होता. युरोपात कुत्रं न्यायचं तर मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढून युरोपने मान्य केलेल्या लॅबकडे तपासणी, आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. म्हणजे चार-पाच महिन्यांची तयारी, विमानाचा खर्च वेगळा. तेवढी मुदत देत असतील तर जाऊ, तिला घेऊन. सहा महिन्यांची असाइनमेंट असेल तर ती साताऱ्याला, आई-बाबांनी हो म्हटलंय. आणि दोन्ही जमत नसेल तर मी जाणार नाही. मॅनेजरला हे सांगितलं तेव्हा तो हसला. अजून हसतो. हसू दे. घराचा हप्ता वीस वर्षांचा आहे म्हणून शहर न सोडणाऱ्याला कुणी हसत नाही, गावठी कुत्रं बारा-पंधरा वर्षं जगतं म्हणून न सोडणाऱ्याला हसतात.

"आम्हाला आवडतं रे, पण वेळच नाही." हे म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, उलट त्यांचे आभार. वेळ नसेल तर नका पाळू. दोघंही सकाळी आठला निघून रात्री नऊला येत असाल तर नका पाळू. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असेल आणि पुढच्या मालकाला आधीच विचारायची तयारी नसेल तर नका पाळू. खाली जा, सोसायटीबाहेरच्या कुत्र्याला ओळखीचं करून घ्या, त्याची नसबंदी आणि लस झालीय का बघा, नसेल तर संस्थेला फोन करा. त्यातही मजा आहे, आणि सोफा शाबूत राहतो. हिशेबच हवा असेल तर आमचा घ्या. सकाळची चाळीस मिनिटं, संध्याकाळची चाळीस, खाणंपिणं आणि साफसफाई धरून पावणेदोन तास. खर्च महिन्याला अडीच-तीन हजार, आजारी पडली तर त्याचा हिशेब करायचा नाही. डिसेंबरात नसबंदी केली तेव्हा दहा दिवस गळ्यात प्लास्टिकचा कोन घालून ती फिरत होती, दारांना धडकत, डिश अँटेनासारखी. त्या दहांपैकी तीन दिवस माझी सुट्टी गेली. गोव्याला जायची होती ती.

आणि द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण आवाक्याबाहेर ठेवायला शिका, कुत्र्यांना ते विष आहे. आमच्या घरात आता शिऱ्यात मनुका नसतात. बाबांना हे मान्य नाही.

हे सगळं वाचूनही कुणाला वाटत असेल की जमेल, तर आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीमागे एक व्यालेली कुत्री आहे. पाच पिल्लं होती, दोन गेली, तीन आहेत. दोन काळ्या माद्या आणि एक पांढरट नर, त्याचा एक कान उभा राहतो, दुसरा पडतो. पंधरा तारखेला दोन महिन्यांची होतील, त्याच्या आत कुणालाही मिळणार नाहीत, टपरीवाले काका देत नाहीत. पहिली लस मी देऊन आणतोय. काका येणाऱ्याला चहा पाजतात आणि तीन प्रश्न विचारतात. घर स्वतःचं का, दिवसा घरात कोण असतं, आणि ऑनसाईटचं काय. पहिल्या दोघांना त्यांनी तिसऱ्या प्रश्नावर परत पाठवलं.